पट्टीवरचा आकडा आणि पायरीवरचा गाळ

मागच्या अंकात पंचगंगेच्या पाणीपातळीवर मी चार ओळी खरडल्या, आणि पत्रांचा गठ्ठा घरी आला. त्यातली सहा पत्रं निवडली आहेत. कुणी मला साहेब लिहिलंय, कुणी इंजिनिअर. मी दोन्ही नव्हे. पाटबंधारे खात्यात बंधाऱ्यावर पातळी बघून वहीत लिहिणं आणि फोनवर कळवणं, एवढंच माझं काम. ते एकतीस वर्षं केलं. आता घर कुरुंदवाडात, घाटापासून हाकेच्या अंतरावर. नदीबद्दल जे सांगतो ते पट्टी, म्हणजे पाण्याची उंची दाखवणारी फुटांची खूण, वाचणाऱ्याच्या नजरेनं, हे धरून वाचा.

नाना, २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती, २०२१ ला ५६ च्याही वर. तरी कुरुंदवाडचे माझे मामा म्हणतात, १९ चाच पूर मोठा. आमच्यात यावरून वाद होतो. कोण बरोबर?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर

दोघंही. तुझा पूर कोल्हापूरचा आहे, मामांचा शिरोळ तालुक्यातला. नदी एकच, पण पूर दोन.

राजाराम बंधारा कसबा बावड्याला. तिथे ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. तिथवर येणारं पाणी घाटमाथ्यावरचं. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि आमच्या शिरोळात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. आमच्याकडे आभाळ कोरडं, पोरं क्रिकेट खेळतायत आणि घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडतायत, असं चित्र मी किती तरी वेळा बघितलंय. वर दोन दिवस ढग फुटल्यासारखा कोसळला की कोल्हापूरची पट्टी झरझर चढते. २०२१ च्या जुलैत तेच झालं.

पण कोल्हापूर सोडलं की नदी सुस्त होते. उतार कमी, वळणं फार. अशीच रेंगाळत ती नृसिंहवाडीला येते आणि तिथे कृष्णा भेटते. कृष्णा एकटी येत नाही. १०५ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) कोयना धरणाचं आणि ३४ टीएमसीच्या चांदोली धरणावरून वारणेतून आलेलं पाणी घेऊन ती आलेली असते. ती तुडुंब असली की पंचगंगेला पुढे जागा मिळत नाही. पाणी थटतं आणि मागे सरकायला लागतं. याला आम्ही फूग म्हणतो. फुगीचं पाणी आवाज करत नाही. रात्री झोपताना अंगणाच्या कडेला असतं, पहाटे उंबऱ्याला लागलेलं असतं.

१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर होती. २१ ला ५५ च्या आसपास. दोन फुटांचा तो फरक आमच्या दारात कळला. १९ ला माझ्या घराच्या सातव्या पायरीवर पाणी आलं आणि आठ दिवस तिथेच बसलं. २१ ला पाचव्या पायरीला शिवून तीन-चार दिवसांत परतलं. पाणी गेल्यावर पायरीवरचा गाळ बघायचा, हा माझा जुना नाद. वाहतं पाणी गाळ पुढे नेतं, थांबलेलं पाणी तो खाली टाकतं. १९ चा गाळ चार बोटं होता, २१ चा एक बोट. मामांना विचार, त्यांच्या घरात किती होता.

तेव्हा वाद मिटवायचा असेल तर पाणी किती चढलं हे न विचारता किती दिवस राहिलं हे विचारा. पेपरात पहिला आकडा येतो, दुसरा येत नाही.

पंचगंगा म्हणजे पाच नद्या. आमच्या बाईंनी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती अशी नावं सांगितली. सरस्वती कुठे आहे? मला दिसली नाही.
— इयत्ता सहावी, वडणगे

सरस्वती गुप्त आहे असं सगळे मानतात, म्हणून तुला दिसली नाही. मलाही दिसलेली नाही. पण आणखी एक गंमत सांगतो. प्रयाग चिखलीला संगमावर जाशील तर तिथे नद्या पाच नाहीत, चारही नाहीत, दोनच दिसतील. तुळशी आणि कुंभी वरच्या अंगालाच भोगावतीला मिळून येतात. संगमावर एका बाजूनं भोगावती, दुसऱ्या बाजूनं कासारी. पावसाळ्याच्या सुरुवातीला दोघींच्या पाण्याचा रंग वेगळा असला तर मधली रेघ दिसते. मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच जा. आणि पूर आला की चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला का जावं लागतं, ते तिथे उभं राहिल्यावर आपोआप कळेल.

दरवर्षी बंधाऱ्याचे बरगे काढायचे आणि पुन्हा घालायचे, हा खर्च आणि मनस्ताप कशाला? कायमचे दरवाजे का बसवत नाहीत?
— पाणीपुरवठा संस्थेचे सचिव, हातकणंगले तालुका

सचिवसाहेब, तुमचा राग बरग्यांवर आहे की बरगे वेळेवर न घालणाऱ्यांवर, हे पत्रावरून कळलं नाही. दुसऱ्यांवर असेल तर माझीही थोडी कबुली ऐका.

हा बंधारा आपल्या मातीतला आहे. सगळ्या महाराष्ट्रात त्याला ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतात. नदीत खांब उभे करायचे आणि खांबांना खाचा ठेवायच्या. पावसाळा ओसरला की खाचांत फळ्या सरकवायच्या, तेच बरगे. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन रांगा आणि मध्ये चिकण माती ठासलेली असायची. आता बहुतेक ठिकाणी लोखंडी पत्रे आहेत. पावसाच्या तोंडावर सगळं काढून घ्यायचं. मग पूर येतो तेव्हा नदीला फक्त खांब आडवे असतात आणि गाळ त्यांच्यामधून निघून जातो. भिंत घालून अडवलेली कितीतरी तळी गाळानं भरली, पण या बंधाऱ्यांचं पात्र अजून उघडं आहे, ते या उघडझापीमुळे. फार हुशारीचं काम आहे ते. कायमचे दरवाजे बसवायचे म्हणजे वीज, साखळ्या, ग्रीस, माणूस, आणि ऐन पुरात अडकलेला ओंडका. काही ठिकाणी तसे दरवाजे केलेत, चालतातही. पण फळी अडकली तर चार गडी आणि एक पहार पुरते.

आता कबुली. एका वर्षी गणपती-दसरा कोरडे गेले. वरून पाणी झपाट्यानं कमी होत होतं, उसाला पाणी हवं म्हणून लोक रोज विचारायला येत होते. आम्ही घाईनं बरगे घालून टाकले. चारच दिवसांत परतीचा पाऊस वर कोसळला. बरगे काढायला माणसं उतरवण्यासारखी परिस्थिती राहिली नाही. पाणी बाजूची दरड कापून गेलं, कुणाचा तरी मोटारीचा पाइप घेऊन गेलं, आणि काठावरचं एक जुनं वाळुंज मुळासकट आडवं झालं. त्या झाडाखाली बसून मी पंधरा वर्षं भाकरी खाल्ली होती. वरिष्ठांनी विचारलं तेव्हा मी वहीतली पातळी दाखवली. आकडे बरोबर होते. आकाशाकडे मात्र कुणी बघितलं नव्हतं, त्यात मीही आलो.

पत्र्यांच्या चोरीबद्दल तुम्ही लिहिलंय, ते खरं आहे. भंगाराचा भाव वाढला की बंधाऱ्याची गळती वाढते. रात्रीची राखण संस्थांनी वाटून घेतली तिथे चोरी कमी झाली, हे मी बघितलंय.

दरवर्षी उन्हाळ्यात नदीचं पाणी काळं पडतं, फेस येतो, आणि बहुधा पहिल्या पावसाच्या आसपास मेलेल्या माशांचा खच पडतो. पाऊस पडला की पाणी स्वच्छ व्हायला हवं ना? मुलं मला विचारतात आणि मला नीट सांगता येत नाही.
— शिक्षिका, इचलकरंजी

ताई, मुलांना आधी एक गोष्ट सांगा. उन्हाळ्यात पंचगंगा नदी नसते, तळ्यांची माळ असते. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे एकामागून एक बंधारे आहेत. सगळ्यांत बरगे घातलेले. एका बंधाऱ्याचं पाणी मागे दुसऱ्याच्या पायाशी जाऊन टेकलेलं. वरच्या सचिवांना मी या बंधाऱ्याचं कौतुक ऐकवलं, त्याचीच ही दुसरी बाजू.

या थांबलेल्या पाण्यात आपण काय सोडतो? कोल्हापुरातून जयंती नाला आणि दुधाळी नाला येतात. मधल्या गावांची गटारं थेट उतरतात. साखर कारखान्यांची मळी, इचलकरंजीच्या कापड प्रोसेसचं रंगीत पाणी. शुद्धीकरणाची केंद्रं आहेत, तीच चालू असताना आणि बंद असताना नाल्याचा रंग वेगवेगळा असतो, हे काठावर राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

पाण्यात माशाला लागणारा प्राणवायू विरघळलेला असतो. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे तो साधारण नऊ मिलिग्रॅम मावतो, तीस अंशाच्या पाण्यात साडेसात. म्हणजे उन्हाळ्यात शिदोरी मुळातच कमी. त्यात सांडपाण्यातली घाण कुजवणारे जिवाणू तोच प्राणवायू खातात. वाहत्या पाण्यात खळखळाटामुळे तो परत मिसळतो. थांबलेल्या पाण्यात तशी सोय नाही. वर जलपर्णीची गोधडी पसरलेली असली तर खाली ऊनही जात नाही. जलपर्णी ही दक्षिण अमेरिकेतली पाहुणी. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर ती अशी फोफावते की आज मोकळं दिसणारं पात्र पंधरवड्यानं हिरवं मैदान होतं. जेसीबी लावून काढतात, काठावरच ढीग घालतात, आणि पहिल्या पाण्याला तो ढीग परत नदीत जातो. यावर मला जास्त बोलायचं नाही, बोललो की रक्तदाब वाढतो.

आता पहिल्या पावसाचं. पाच-सहा महिने बंधाऱ्याच्या तळाला काळा गाळ साचलेला असतो. त्यात प्राणवायू नाहीच. वळवाचा जोरदार पाऊस आला किंवा मे-जूनमध्ये बरगे काढले की तो गाळ ढवळतो आणि वरच्या तळ्यांतलं सगळं जुनं पाणी एकदम खाली सुटतं. नाल्यांत अडकलेली घाणही त्याच धुण्यानं येते. नदी धुतली जाते हे खरं, पण धुण्याचं पाणी माशांच्या अंगावरून जातं. मासे आधी काठाला येऊन तोंडं वर काढतात, हवा गिळल्यासारखी. हे दिसलं की दुसऱ्या दिवशी खच ठरलेला. तेरवाड बंधाऱ्यावर मी हे अनेकदा बघितलंय. लोक पोती भरून ते मासे नेतात. मुलांना निक्षून सांगा, ते खायचे नाहीत.

आणि वर्गात एक नकाशा काढायला लावा. इचलकरंजी पंचगंगेच्या काठावर. २०१२ साली शहरात काविळीची साथ आली, माणसं गेली. शहरानं पिण्यासाठी कृष्णेचं पाणी मजरेवाडीहून त्याआधीच आणलं होतं. मग वारणेचं मागितलं, तिथे दानोळीकरांनी विरोध केला. मग सुळकूडहून दूधगंगेचं मागितलं, तिथे कागलकर उभे राहिले. वर कोल्हापूरनं २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडीहून, म्हणजे दूधगंगेवरूनच, थेट पाइपलाइन आणली आणि गुलालात न्हाऊन घेतलं. पंचगंगेच्या काठावरची दोन मोठी शहरं पाणी प्यायला दुसऱ्या नद्यांकडे जातात, आणि सांडपाणी मात्र पंचगंगेलाच देतात. दानोळीचा शेतकरी ‘तुमच्या नदीचं काय केलंत’ असं विचारतो तेव्हा त्याला काय सांगायचं, हे मुलांनाच विचारून बघा. मला अजून सुचलेलं नाही.

उसाचं रान पांढरं पडलं आहे. वडील एकरी साठ टन काढायचे, मला वीस मिळत नाहीत. पुरानंतर जास्त झालं असं वाटतं. नदीच्या पाण्यात मीठ आहे का?
— शेतकरी, शिरोळ तालुका

मीठ तुमच्याच जमिनीत आहे, दादा. नदीच्या पाण्यानं ते वर आणलं. काळी जमीन खोल, पाणी धरून ठेवणारी. उपसा योजना आल्या, पाळी आली की सरी तुडुंब भरायची सवय लागली. खालची पाण्याची पातळी वर आली, ऊन पडलं की ते पाणी वर ओढलं जातं, वाफ उडून जाते आणि क्षार मागे राहतो. पुरात तर रान दहा-दहा दिवस पाण्याखाली. पाण्याला खाली निचरा नसेल तर तेच होणार.

जिप्सम टाकलं असं लिहिलंय. निचरा नसताना एकट्या जिप्समनं भागत नाही. सुटलेला क्षार धुऊन जायला वाट लागते. जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून ते पाणी चरात काढायचं, हा उपाय आपल्या तालुक्यात झालाय आणि पांढऱ्या रानात पुन्हा ऊस उभा राहिलाय. पण तुमच्या एकट्याच्या दोन एकरांत पाइप घालून उपयोग नाही, कारण पाणी शेवटी शेजाऱ्याच्या बांधापाशी येऊन थांबणार. चर नाल्यापर्यंत न्यायचा तर वाटेतल्या सगळ्यांची सही लागते. पाइपांपेक्षा त्या सह्या गोळा करणं अवघड आहे. आधी माती तपासून घ्या, आणि चहा पाजायला सुरुवात करा.

नदीकाठची गाळाची पट्टी वीटभट्टीला विकू का, असंही विचारलंय. विकू नका. एका पुरात बोटभर गाळ येतो, आणि भट्टीवाला एका दिवसात पाच फूट नेतो.

राधानगरीचे पाच दरवाजे उघडले असा मेसेज आला की घरात पळापळ होते. खरंच किती घाबरायचं? आणि अलमट्टीचं काय?
— गृहिणी, शिरोली पुलाची

ताई, तुमच्या गावाशेजारचा महामार्ग १९ ला आणि २१ ला पाण्याखाली गेला, तेव्हा घाबरू नका असं मी सांगणार नाही. पण हिशेब करू.

राधानगरी धरण भोगावतीवर, शाहू महाराजांनी सुरू केलेलं. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तळं भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपले आपण उघडतात, आणि पातळी उतरली की मिटतात. ‘कुणी तरी रात्री सोडलं’ असं तिथे नसतं. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट. पाच म्हणजे ७१४० क्युसेक. दिवसभर ११ हजार ५७४ क्युसेक वाहिलं की एक टीएमसी होतो. म्हणजे पाच दरवाजे दिवसभर उघडे राहिले तर ०.६२ टीएमसीही नाही. धरणांची ताकदही बघा. राधानगरी ८.३६, तुळशी ३.४७, कासारी २.७७, कुंभी २.७१. चारी मिळून सव्वासतरा टीएमसीच्या आसपास. एकटी कोयना याच्या सहापट. पंचगंगेचा महापूर दरवाज्यांतून कमी आणि धरणांच्या खाली पडणाऱ्या मोकळ्या पावसातून जास्त येतो, त्याला दरवाजा नाही. मेसेजमध्ये दरवाज्यांची संख्या असते, गगनबावड्याचा पाऊस नसतो. तो विचारत जा.

कर्नाटकात खाली कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाबद्दल लिहिलं की पुढच्या अंकाला दुप्पट पत्रं येतात, तरी लिहितो. त्या धरणात आज ५१९.६० मीटरपर्यंत पाणी धरतात. ते ५२४ मीटरच्या वर न्यायचं कर्नाटकाच्या मनात आहे आणि महाराष्ट्राचा विरोध आहे. १९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. आमच्या भागात हे कुणाला पटत नाही, घाटावर तर विषयच काढता येत नाही. माझं मत विचाराल तर उंची वाढवायला विरोध करावाच, कारण आमच्या नदीला उतार मुळात नाही आणि खाली आणखी थांबा कशाला. पण अलमट्टीकडे बोट दाखवताना आपण पुलांच्या दोन्ही अंगांना घातलेले भराव विसरतो. पूररेषांच्या नकाशावरची निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या निळ्या रेषेच्या आत उभी राहिलेली मंगल कार्यालयं मला नावानिशी माहीत आहेत. तिथे मी जेवलोही आहे.

दत्ताच्या वाडीला, म्हणजे नृसिंहवाडीच्या देवळात, पाणी पादुकांवरून जाऊन दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तेव्हा लोक त्या पाण्यात अंघोळीला गर्दी करतात. दक्षिणद्वार सोहळा म्हणतात त्याला. ते पाणी वाडीला पोचलं की आमच्याकडे धान्याची पोती माळ्यावर जातात, जनावरं शिरढोणच्या माळाकडे निघतात आणि गॅसची टाकी दोरीनं बांधून ठेवली जाते. रिकामी टाकी तरंगत जाते. तुम्हीही तसाच एखादा दगड, एखादी पायरी, पुलाचा एखादा खांब ठरवून ठेवा आणि तिथे पाणी लागलं की निघा. फक्त रात्री एकट्यानं टॉर्च घेऊन ते बघायला जाऊ नका. ओल्या गाळावरून मी दोनदा घसरलोय, दुसऱ्यांदा नोंदवही नदीत गेली आणि त्या रात्रीचे तीन आकडे अजून कोरे आहेत.